माण-खटावच्या उघड्या डोंगरावर पहिल्यांदा जाताना: वर्धनगडची एक सकाळ

साताऱ्यात वाढलेल्या माणसाला डोंगर नवा नसतो. अजिंक्यतारा रोज डोळ्यांसमोर असतो, यवतेश्वरला संध्याकाळी चक्कर होते, श्रावणातल्या एखाद्या शनिवारी जरंडेश्वरही चढून होतो. त्यामुळे कोणी जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या खटाव किंवा माण तालुक्यातल्या डोंगरावर चला म्हटलं, की खालून एकदा बघून आपण म्हणतो, "एवढासा तर आहे." मीही असंच म्हणालो होतो. मार्च महिना होता. मी आणि माझा आत्तेभाऊ साडेनऊला पायथ्याशी पोचलो आणि दोघांत मिळून एक लिटरची एक बाटली घेऊन निघालो. अकराच्या सुमाराला एका शेरडांच्या वाटेनं भलतीकडेच गेलो होतो, बाटली रिकामी झाली होती आणि आत्तेभावाच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले होते. बसायला सावली म्हणाल तर एक बोरीचं झुडूप. मेंढरं घेऊन चाललेल्या एका आजोबांनी आम्हाला पाहिलं, खांद्यावरचा कॅन पुढे केला आणि म्हणाले, "डोंगर बारकाच हाय, पर ऊन मोठं हाय, बाबांनो."

त्या दिवसानंतर मी या भागात बरंच फिरलो आणि सोबत नव्या माणसांनाही नेलं. पहिल्यांदा येणाऱ्याला मी जे सांगतो ते इथे सविस्तर लिहितो आहे. उदाहरणाला वर्धनगड घेतला आहे. पहिल्या चढाईसाठी याच्याइतकी सोयीची जागा मला आपल्या जिल्ह्यात दुसरी दिसत नाही.

हा मुलूख वेगळा का आहे

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या दहिवडीला तो जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या धारेवर चढतात आणि थंड होऊन तिथेच रिकामे होतात. पलीकडे उतरणारी हवा कोरडी असते. एकाच जिल्ह्यात कोयनेचं जंगल आहे आणि हिवर-बाभळीचे माळही आहेत, ते यामुळे.

चालणाऱ्याच्या दृष्टीनं याचे परिणाम फार ठोस आहेत. पश्चिमेच्या गडांवर चढाचा बराच भाग झाडीतून जातो, इथे वाट पहिल्या पावलापासून उघडी असते. तिकडे जानेवारीतही एखादा झरा भेटतो, इथे ओढे दिवाळीनंतर कोरडे पडायला लागतात. हवेत दमट चिकटपणा नसल्यानं घाम अंगावर दिसत नाही, तो लगेच उडून जातो. आपल्याला घामच आला नाही असं वाटतं आणि माणूस पाणी कमी पितो. नवख्याची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते, म्हणून ही गोष्ट मी गाडीत बसल्या बसल्याच सगळ्यांना सांगून टाकतो.

वर्धनगडच का

सातारा-पंढरपूर रस्ता कोरेगाव सोडल्यावर एक घाट चढून खटावच्या पठारावर येतो. घाटमाथ्याला लागूनच वर्धनगड आहे. महादेव डोंगररांगेच्या एका फाट्यावर तो उभा आहे आणि कोरेगाव व खटाव तालुक्यांची हद्द तिथेच येते. गंमत अशी, की कोरेगावच्या बाजूनं पाहिलं तर गड जवळपास हजार फूट उंच दिसतो आणि खटावच्या बाजूनं सहाशेच. खटावचं पठार मुळातच उंचावर असल्यानं गाडीनं घाट चढला की बरीचशी उंची आपोआप पदरात पडते. गाव पूर्वेच्या पायथ्याशी आहे आणि वाट तिथूनच वर जाते. सवयीचा माणूस अर्ध्या तासात दरवाजात पोचतो. नवख्यानं थांबत थांबत तासभर धरावा.

गड शिवाजी महाराजांनी 1673-74 च्या सुमारास बांधला. 1701 मध्ये तो मुघलांनी घेतला. आज वर तटबंदी बरीचशी धड आहे, दरवाजा उभा आहे आणि माथ्यावर वर्धनीमातेचं देऊळ आहे. वनखात्यानं लावलेली झाडं आता मोठी झाल्यानं वर सावलीही मिळते. नवख्यासाठी या सावलीला फार किंमत आहे. चढून दमलेल्या माणसाला माथ्यावर अर्धा तास बसता आलं, तर उतरताना पाय धड चालतात.

कोणता महिना, कोणता दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. सप्टेंबर-ऑक्टोबरही सुंदर असतो. या भागाला परतीच्या पावसाचा मोठा आधार आहे, त्यामुळे सप्टेंबरात माळ हिरवे होतात आणि रानफुलं दिसतात. पण त्या दिवसांत दुपारनंतर गडगडाट होऊ शकतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचंही तसंच असतं. उघड्या माथ्यावर आपण आणि झेंड्याचा खांब एवढंच उंच असतं, तेव्हा ढग काळे दिसले की उतरायला लागायचं आणि एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. मार्च ते मे या महिन्यांत पहिल्यांदा येणाऱ्याला मी नेत नाही. कोणी आग्रह केला तरी नाही.

डिसेंबरात येणार असाल तर याच रस्त्यावरच्या पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे दिवस आधी बघून घ्या. मार्गशीर्षात रथ असतो, जनावरांचा मोठा बाजार भरतो आणि हा सगळा रस्ता बैलगाड्या, टेम्पो आणि माणसांनी भरून जातो. यात्रा बघायची असेल तर जरूर त्याच दिवसांत या, पण मग गडासाठी वेगळा दिवस ठेवा.

आदल्या रात्री

पाण्यापासून सुरुवात करू. हिवाळ्यात माणशी दोन लिटर पाठीवर आणि उन्हाचे दिवस असतील तर तीन. शिवाय गाडीत पाच लिटरचा एक कॅन भरून ठेवायचा. त्याला वर जाताना कोणी हात लावायचा नाही, तो परत आल्यावरसाठी आहे. एक लिटर म्हणजे एक किलो. पिशवी जड लागते म्हणून पायथ्याशी बाटल्या काढून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. काढायचंच असेल तर दुसरं काहीतरी काढा. पाणी दोन-तीन बाटल्यांत वाटून भरा. एक सांडली किंवा फुटली तरी सगळं जात नाही आणि किती उरलं याचा हिशेबही सोपा राहतो.

गडावर टाकी आहेत, पण त्यातलं पाणी पिण्याचं समजू नका.

नुसतं पाणी पीत राहिल्यानंही त्रास होतो, कारण घामातून मीठही जातं. म्हणून ओआरएसच्या दोन पुड्या प्रत्येकाच्या खिशात हव्यात. पुडी एक लिटर पाण्यासाठी असेल तर ती पूर्ण एक लिटरमध्येच मिसळायची, अर्ध्या बाटलीत ओतून घट्ट करायची नाही. पुडी नसेल तर घरी करता येतं: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ चवीनं वाढवू नका.

खायला आपलं नेहमीचंच बरं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, काकडी, संत्री. धपाटे दुपारपर्यंत मऊ राहतात आणि हातानं खाता येतात. काकडी वर गेल्यावर इतकी गोड लागते, की जास्तीच घ्या. वेफर्स आणि फरसाणानं तहान वाढते, ते परतल्यावर खा. कंदी पेढे घरच्यांसाठी घेतले असतील तर डबा गाडीतच राहू द्या.

कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती आणि सैल. उघड्या हातांनी ऊन कमी लागतं हा गैरसमज आहे, धनगर मेंढपाळाच्या अंगावरचे कपडे बघा म्हणजे कळेल. डोक्याला काठ असलेली टोपी आणि गळ्यात उपरणं किंवा सुती ओढणी. ती भिजवून मानेवर टाकली की मोठा आराम मिळतो. पँट मात्र गुळगुळीत कापडाची घाला. या माळांवर कुसळी गवत आहे. पावसाळ्यानंतर ते वाळलं की त्याची कुसळं विणीच्या कापडात, मोज्यांत, लोकरीत घुसतात आणि आत आत सरकतात. मोजे पँटच्या आत राहतील असं बघा. बूट जुने, पायाला बसलेले आणि तळाला नक्षी शाबूत असलेले हवेत. नवीन बूट पहिल्यांदा घालायची ही जागा नाही, आणि चप्पल तर नाहीच. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार येतो. एक चिमटा आणि एक सुई सोबत असू द्या.

घरी कोणाला तरी नीट सांगून निघा: कुठे जातोय, कोण कोण आहे, कोणत्या गावातून चढणार आणि किती वाजता फोन करणार. "अकरापर्यंत फोन आला नाही तर चौकशी करा" एवढं स्पष्ट. मोबाइल पूर्ण चार्ज करा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा.

रक्तदाबाची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, मधुमेह असेल, तर आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. अशा गोळ्या घेणाऱ्यांना उन्हात त्रास लवकर होतो. आदल्या रात्री जागरण आणि दारू दोन्ही टाळा. सकाळी निघण्यापूर्वी पोटभर पाणी पिऊन घ्या.

पहाटे निघताना

साताऱ्याहून वर्धनगड साधारण तीस किलोमीटर. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सात वाजण्याच्या सुमाराला सूर्य उगवतो, तेव्हा साडेपाचला घर सोडलं तर साडेसहाला गावात पोचता येतं. एसटीनं येणार असाल तर दहिवडी किंवा पंढरपूरकडे जाणारी गाडी बघा आणि वर्धनगडला उतरायचं आहे हे चढतानाच कंडक्टरला विचारून घ्या. प्रत्येक गाडी थांबेलच असं धरून चालू नका. रेल्वेनं येणाऱ्यांना पुणे-मिरज मार्गावरचं कोरेगाव स्टेशन जवळ पडतं, तिथून पुढे एसटी किंवा वडाप (खासगी प्रवासी जीप).

लवकर निघण्याचा आग्रह मी इतका का धरतो, ते सांगतो. गावाकडची वाट गडाच्या पूर्व अंगावर आहे. म्हणजे सूर्य वर आला की त्याचं पहिलं ऊन थेट तुमच्या पाठीवर आणि समोरच्या कातळावर पडतं. पश्चिमेच्या अंगानं चढणारी वाट असती तर नऊपर्यंत डोंगराची सावली मिळाली असती, इथे ती मिळत नाही. हा हिशेब प्रत्येक नव्या डोंगराला लावत जा: वाट कोणत्या अंगावर आहे आणि त्या वेळी सूर्य कुठे असेल. उतरतानाही हेच. काळा बेसाल्ट एकदा तापला की खालून भट्टीसारखी धग येते. सकाळी नऊला आणि बाराला एकाच दगडावर हात ठेवून बघा, फरक लगेच कळेल.

गाडी कोणाच्या खळ्यात, गोठ्याच्या तोंडाशी किंवा पाणंदीत लावू नका. पहाटे दूध घालायला जाणाऱ्यांची वाट अडते. देवळाजवळ किंवा मोकळ्या जागेत, कोणाला तरी विचारून लावा. "दादा, गडावर जायची वाट कुठनं?" एवढं विचारलं की वाटही कळते आणि गावात चार माणसांना आपण वर गेल्याचं माहीतही होतं. याचा उपयोग अडचणीच्या वेळी होतो.

चढ

पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम हळू चाला. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, धाप लागून वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त आहे. घोळक्यात सगळ्यात हळू चालणारा पुढे आणि सवयीचा माणूस शेवटी, हा क्रम शेवटपर्यंत ठेवा. हळू चालणारा मागे राहिला, की तो पोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते आणि त्याला ती कधी मिळतच नाही.

दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट पाणी, तहान लागली असो वा नसो. मी घड्याळाकडे बघून सगळ्यांना थांबवतो. बाटली मोजत राहा. अर्धं पाणी संपलं आणि माथा अजून आला नाही तर परत फिरायचं, हा माझा नियम आहे. वर्धनगडावर ही वेळ सहसा येत नाही, पण सवय इथेच लावून घेतली तर पुढच्या मोठ्या डोंगरांवर कामाला येते.

आता वाट चुकण्याबद्दल. या उघड्या डोंगरांवर सगळं दिसतं, म्हणून कोणी चुकेल असं वाटत नाही. चुकतात ते शेरडा-मेंढरांच्या वाटांमुळे. जनावरं चरताना डोंगराच्या पोटाला धरून आडवी फिरतात, त्यांच्या खुरांनी पडलेल्या वाटा माणसांच्या वाटांपेक्षाही ठळक दिसतात. नवखा त्या वाटेला लागतो, ती बराच वेळ सपाटीनं जाते, चालायला बरी वाटते आणि मग काट्यांत किंवा एखाद्या कातळाच्या तोंडाशी विरून जाते. ओळखायची खूण अशी: माणसाची वाट वळणं घेत का होईना, पण वर चढत राहते. तिच्यावर कुठेतरी रचलेला दगड, झिजलेली पायरी, चपलेचा ठसा, बिस्किटाचा कागद असं काहीतरी दिसतं. दहा मिनिटं चालून उंची वाढली नसेल तर तुम्ही शेरडांच्या वाटेवर आहात. मागे फिरा. तिथूनच सरळ वर चढून वाट गाठू, हा मोह आवरा. आम्ही त्या मार्चात नेमकं तेच केलं होतं. फाटा आला की थांबून मागे वळून बघायचं आणि एक फोटो काढायचा, कारण उतरताना तीच जागा उलट बाजूनं अगदी अनोळखी दिसते.

हात टेकण्यापूर्वी आणि दगडावर बसण्यापूर्वी जागा बघा. अशा कोरड्या, दगडाळ उतारांवर फुरसं हा विषारी साप असतो. तो आकारानं लहान, मातकट रंगाचा आणि दगडांच्या सापटीत सहज न दिसणारा. काठीनं पुढचं गवत हलवत चाला. साप चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, वर दोरी आवळायची नाही. माणसाला शांत बसवा, चावलेला हात किंवा पाय फळी-काठी लावून स्थिर ठेवा, अंगठी-घड्याळ काढून घ्या आणि शक्यतो त्याला न चालवता, उचलून खाली आणून सरकारी रुग्णालयात न्या. सापाच्या विषावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन हाच उपाय आहे, मांत्रिकाकडे घालवलेला वेळ परत येत नाही.

तटाच्या खाली किंवा कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर आवाज कमी करा. धूर करू नका, दगड मारू नका. अंगाला अत्तर किंवा स्प्रे लावून येऊ नका असं मी घरूनच सांगतो.

दरवाजा आणि माथा

शेवटची वळणं घेतली की दरवाजा एकदम समोर येतो. तोवर तो दिसतच नाही, कारण तट आणि बुरूज असे वळवलेले आहेत की दार त्यांच्या कुशीत लपलं आहे. यालाच गोमुखी बांधणी म्हणतात. शत्रूला तोफेचा सरळ मारा करता येऊ नये आणि दाराशी आलेल्यावर वरून मारा करता यावा, हा त्यामागचा विचार. इथे सावलीत पाच मिनिटं थांबा, नव्या माणसांना हे दाखवा. पुस्तकात दहा वेळा वाचून जे कळत नाही ते इथे एका वळणात कळतं.

आत गेल्यावर आधी पुढे चढून वर्धनीमातेच्या देवळाशी जा, दर्शन घ्या, झाडाखाली बसा आणि खाऊन घ्या. तटावरून फेरी नंतर. तटावर चालताना कडेच्या सुट्या दगडांवर पाय देऊ नका आणि लहान मुलांचा हात सोडू नका. मी तर मुलांना आतल्या बाजूनंच चालवतो.

माथ्यावरून दिसणारा प्रदेश मला पश्चिमेच्या कोणत्याही गडावरच्या देखाव्याइतकाच प्रिय आहे. पूर्वेला खटावचं पठार, येरळा नदीचं खोरं, पुसेगावची घरं. पश्चिमेला एकदम खाली उतरत गेलेलं कोरेगावचं रान, जिथला वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात रानात ज्वारी उभी असते. नीट बघितलंत तर या भागातल्या डोंगरउतारांवर समांतर आडव्या रेघा ओढल्यासारख्या दिसतील. ते समतल चर. पावसाचं धावणारं पाणी अडवून मुरवण्यासाठी गावकऱ्यांनी ते खोदले आहेत. 2016 साली सत्यमेव जयते वॉटर कप या गावांमधल्या जलसंधारण स्पर्धेचं पहिलं बक्षीस कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं मिळवलं आणि 2018 साली माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं. भर उन्हाळ्यात बायाबापड्या, शाळकरी पोरं, मुंबई-पुण्याहून रजा काढून आलेले चाकरमानी यांनी हातात टिकाव-खोरं घेऊन असं काम केलं आहे. म्हणून एक विनंती: डोंगरावर कुठेही चर किंवा मातीचा बांध लागला तर त्याच्या भरावावरून चालत जाऊ नका. माती ढासळते आणि पुढच्या पावसात तिथूनच पाणी फुटतं. ओलांडायचाच असेल तर एका जागी सरळ ओलांडा.

विस्तव तर कुठेच नको. चहासाठी चूल नाही, सिगारेट-विडी नाही. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. वणवा लागला की वनखात्यानं जगवलेली रोपं जातात, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोल-टिटवीसारख्या पाखरांची अंडी-पिल्लंही जातात.

उतार

हिवाळ्यात दहाला, उन्हाचे दिवस असतील तर नऊलाच माथा सोडा. पडझड होते ती बहुतेक उतरताना. कारण घसारा. मुरमाड उतारावर बारीक सुटे खडे पसरलेले असतात आणि टाच टेकली की पाय छऱ्यांवरून निसटावा तसा जातो. गुडघे किंचित वाकवून, लहान पावलं टाकत, पाय थोडे तिरपे ठेवून उतरायचं. अंग मागे झुकवायचं नाही. भीतीनं सगळेच मागे झुकतात आणि त्यानंच पाय पुढे निसटतो. अगदीच अवघड वाटलं तर खुशाल बसून उतरा, त्यात कमीपणा नाही. आधाराला झुडूप धरताना आधी काटे बघा. एकामागे एक उतरताना मध्ये अंतर ठेवा, आणि दगड सुटलाच तर "दगड!" असं जोरात ओरडा.

ऊन लागलं तर

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पोटऱ्यांत गोळे, खूप थकवा ही पहिली पायरी. लगेच थांबा. सावली नसेल तर दोघांनी ओढणी किंवा चादर धरून सावली करा. माणसाला आडवं करून पाय थोडे उंच ठेवा, बूट आणि घट्ट कपडे सैल करा, मानेला, काखेत ओलं फडकं लावा, ओआरएस घोट घोट पाजा. अर्ध्या-पाऊण तासात हुशारी आली तरी त्या दिवशीची चढाई तिथेच संपली, खालीच उतरायचं.

पण बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, चाल झोकांडी खायला लागली, अंग चटका बसेल इतकं गरम लागलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. शरीराचं तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेलं असतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. घाम थांबलेला असतो असं सगळीकडे सांगतात. पण चालताना झालेल्या उष्माघातात घाम येत असतानाही हे होतं, तेव्हा घामावरून ठरवू नका, माणूस शुद्धीत नीट बोलतोय का ते बघा. 108 ला फोन करा, तो लागला नाही तर 112. रुग्णवाहिका येईपर्यंत जवळ असेल नसेल तेवढं पाणी त्याच्या अंगावर ओता आणि वारा घाला. पिण्यासाठी राखून ठेवू असा विचार त्या वेळी करायचा नाही. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

खाली आल्यावर

गाडीतल्या कॅनचं पाणी, सावलीत बसून. मग घरी फोन. कुसळं तिथेच काढून टाका, घरी नेलीत तर धुण्यात सगळ्या कपड्यांना लागतात. लघवी गडद पिवळी असेल तर अजून पाणी कमी आहे असं समजा. कचरा आपल्याच पिशवीत परत आणायचा, आणि वाटेत दुसऱ्या कोणाची बाटली दिसली तर तीही.

अकराच्या आत सगळं आटोपतं. पुढची दुपार उन्हात घालवायची नसेल तर औंधला जा. ते याच खटाव तालुक्यात आहे. तिथे यमाईच्या डोंगरावर औंध संस्थानच्या राजांनी, म्हणजे पंतप्रतिनिधींनी, 1938 साली उभं केलेलं भवानी संग्रहालय आहे. ज्या दिवशी सकाळी आपण गडाची दगडी बांधणी बघितली त्याच दिवशी राजा रविवर्म्यांची चित्रं बघणं मला फार आवडतं. मुलं बरोबर असतील तर त्यांनाही दिवस लक्षात राहतो.

यानंतर कुठे

वर्धनगड दोन वेळा नीट झाला, की त्याच रस्त्यानं पुसेगावच्या पुढे दहिवडीच्या अलीकडे महिमानगड आहे. चढ छोटा, पण सावली आणखी कमी. त्यानंतर फलटण तालुक्यातल्या ताथवड्याचा संतोषगड. तिथे कातळात खोदलेलं, पायऱ्या उतरून आत जायचं पाण्याचं टाकं आहे. बाहेर उन्हानं डोळे दिपलेले असताना त्या पायऱ्या उतरल्या की अंगावर गार हवा येते. सांगलीकरांना जवळचं हवं असेल तर मिरजेच्या पूर्वेला भोसे गावाजवळचा दंडोबा आहे, तिथे राखीव वनाची झाडी आणि डोंगरात कोरलेलं देऊळ आहे. खानापूर तालुक्यातला बाणूरगड थोडा लांब पडतो, पण बहिर्जी नाईकांची समाधी तिथे आहे असं परंपरा सांगते, आणि त्यासाठी जायलाच हवं.

वारूगड मात्र शेवटी ठेवा. माणच्या बाजूनं माचीवरच्या गावापर्यंत जाता येतं आणि तिथून बालेकिल्ला जवळ आहे. फलटणच्या बाजूनं गिरवीकडून चढायचं तर तो पूर्ण दिवसाचा चढ होतो. तेव्हा माणशी चार लिटर पाणी, गावातला एखादा वाट माहीत असलेला माणूस सोबत, आणि अंधारातच सुरुवात.